नोंद क्रमांक ३१२०

१

शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता विलास सोनवणेने कोरी टेप चढवली आणि चाचणी फाइलची प्रत काढायचा हुकूम कॉम्प्युटरला दिला. टेप जेमतेम एक वेढा फिरली आणि थांबली. शेजारच्या टाइपरायटरवर एक ओळ उमटली : फाइल रिकामी आहे.

आपलंच बोट चुकलं असेल म्हणून विलासने पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच उत्तर. एअरकंडिशनच्या त्या गारठ्यातही त्याला दरदरून घाम फुटला आणि तो काचेच्या दाराबाहेर धावत सुटला.

"मॅडम, चला आधी. चाचण्या गेल्या!"

मॅडम म्हणजे शमीम मुजावर. 'मावळगंगा पंप्स'ची एकुलती एक प्रोग्रामर. पिंपरीत मोटारी दुरुस्त करणाऱ्या मीरासाहेब मुजावरांची ही थोरली लेक. वडिलांनी इंजिनं उघडून बघितली, लेक कॉम्प्युटर उघडून बघते, असं अख्ख्या पिंपरी बाजाराचं म्हणणं होतं आणि ते फारसं खोटं नव्हतं.

साल १९८१. चिंचवडच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन दीड वर्ष झालं होतं आणि अजूनही लोक त्याच्या खोलीत चपला काढून जात. त्याच्या पोटात सहा आठवड्यांच्या चाचण्या होत्या : सहाशे चाळीस पंप, प्रत्येकाचा दाब, वेग, गळती. महिनाअखेर सरकारी तपासनीस येऊन ते आकडे बघणार होता. आकडे ज्या कार्डांवर टोचले होते, त्या सगळ्या कार्डांची बुधवारी त्या तारखेच्या नावाने एक फाइल झाली आणि कार्डं रद्दीत गेली. फाइलची टेपवर पहिली प्रत निघायची होती ती शुक्रवारी सकाळी. मधला गुरुवार म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याची सुट्टी, वीजच बंद. त्या दिवशी काय बिघडणार, असा सगळ्यांचा हिशेब होता.

शमीमने स्वतः फाइल उघडून पाहिली. नाव होतं, जागा होती, आत काही नव्हतं. सहाशे चाळीस पंप पुन्हा चाचणीला लावायचे, म्हणजे महिन्याभराचं काम.

दुपारी कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर टाकळकर यांनी मशीनची रोजनिशी छापून मागवली. मशीन दिवसभर जे जे करतं ते ते तारीखवेळेसह लिहून ठेवतं, त्या फाइलला ते लोक 'लॉग' म्हणत. टाकळकरांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे बघा. बुधवार, चार वाजून पाच मिनिटं. मशीन चालू, नवा दिवस, चाचणी फाइल पुसली. ऑपरेटर क्रमांक सात."

सात नंबर विलासचा होता.

२

झालं ते टाकळकरांच्या मते अगदी सरळ होतं. बुधवारी चारच्या सुमाराला वीज गेली असणार. ती काय रोजच जाते. वीज आल्यावर मशीन चालू करताना 'काम पुढे चालू' असं सांगायचं असतं. विलासने सांगितलं 'नवा दिवस'. नवा दिवस म्हटलं की मशीन त्या तारखेच्या नावाची फाइल पुसून जागा मोकळी करतं. त्यात सहा आठवडे गेले.

शनिवारी विलासच्या हातात चार्जशीट पडलं. चौकशी येत्या बुधवारी. त्याची उमेदवारी संपायला तीन आठवडे उरले होते; दोष ठरला तर नोकरी त्याच दिवशी जाणार होती. विलासचे वडील कोंडीराम याच कारखान्याच्या फाउंड्रीत बावीस वर्षं भट्टीपुढे उभे होते. घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी गार खोलीत बसून पगार घेत होतं आणि आई भिमाबाईंनी ते रहाटणीत घरोघर सांगून ठेवलं होतं.

त्याच शनिवारी टाकळकरांनी विभागात पेढे वाटले. मुलीचं लग्न जमलं होतं. ते मूळचे राजगुरुनगरचे, पेढेही तिथलेच. विलासपुढेही त्यांनी पुडा धरला. त्याने एक पेढा घेतला आणि हातातच ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत शमीमने त्याला कँटीनच्या मागे गाठलं.

"खरं सांग विलास. चुकलास का? चुकला असशील तर तसं सांगून टाकू. चुकीला कोणी फाशी देत नाही."

"मॅडम, बुधवारी दुपारी वीज गेलीच नव्हती."

"आठवतं तुला? रोज तर जाते."

"म्हणूनच आठवतं. न गेलेला दिवस लक्षात राहतो." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. छापील लॉगची नक्कल त्याने हाताने उतरवून घेतली होती. "आणि हे बघा ना. तीन पन्नासला मी मालसाठ्याचं काम लावलं. चार तीसला ते संपलं. मधे कुठं थांबल्याची नोंद नाही. चार पाचला मशीन बंद पडून चालू झालं, तर हे काम चाललं कशावर? हवेवर?"

शमीमने कागद दोनदा वाचला. पोरगं बरोबर बोलत होतं. बंद पडलेल्या मशीनवर काम चालत नाही. आणि लॉग तर म्हणत होता की चाललं.

"हे साहेबांना दाखवलंस?"

"दाखवलं. ते म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

शमीमला राग आला, पण वाक्याचा नाही. मशीन खोटं बोलत नाही हे तिलाही पटत होतं. पण मशीन आणि तिच्यामध्ये आणखी कोणीतरी बोलत होतं, ते म्हणजे लॉग छापणारा प्रोग्राम. तो मशीनबरोबरच आलेला, त्याच्या आत काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते बघायचं तर लॉगची फाइल स्वतःच्या हाताने उघडायला हवी होती.

३

सोमवारी तिने बेचाळीस कार्डांचा प्रोग्राम लिहिला. काम साधंच : फाइल उघड, एक नोंद वाच, जशी आहे तशी छाप, पुढची वाच, संपली की थांब. मधे निवडायचं नाही, रचायचं नाही, सुधारायचं नाही.

पहिल्यांदा मशीनने फाइल उघडूच दिली नाही. लॉगमध्ये ते स्वतःच लिहीत असतं, त्यामुळे ती फाइल त्याच्याच ताब्यात. शमीमने लॉगची टेपवर प्रत काढली आणि टेप वाचायला घेतली. दुसऱ्यांदा प्रोग्राम चालला, पण छापून आली ती निव्वळ खिचडी. पहिली ओळ ठीक, दुसरी थोडी सरकलेली, दहावीपर्यंत तारखेच्या जागी भलतेच आकडे.

विलास मागे उभा होता. त्याचा चेहरा पडला. "फाइलच खराब झाली असेल, मॅडम."

"खराब असती तर पहिल्यापासून असती. ही दर ओळीला चार अक्षरं सरकतेय." मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, एक नोंद म्हणजे ऐंशी अक्षरं. शमीमने एक कार्ड बदललं आणि चौऱ्याऐंशी केली. खटखट करत प्रिंटर सुरू झाला आणि ओळी शिस्तीत एकाखाली एक उतरल्या.

वरची चार अक्षरं म्हणजे आकडे होते : ३०९४, ३०९५, ३०९६. प्रत्येक नोंदीला मशीनने अनुक्रमांक दिला होता, आणि छापणारा प्रोग्राम तो कुणाला दाखवतच नव्हता. तो बिनतारखेच्या आणि किरकोळ नोंदी गाळायचा, उरलेल्या तारीखवेळेप्रमाणे लावून घ्यायचा आणि मग छापायचा, साहेबांना वाचायला बरं म्हणून.

"विलास, वेळ कोण ठरवतं?"

"आपणच. सकाळी चालू करताना तारीख-वेळ आपण टाइप करतो. मशीनला कुठं कॅलेंडर आहे?"

"आणि अनुक्रमांक?"

"तो... तो मशीनचं मशीन घालत असणार."

"म्हणजे घड्याळाला फसवता येतं, अनुक्रमांकाला येत नाही. आता वाच."

विलास बोट फिरवत वाचू लागला. बुधवार, तीन पन्नास, मालसाठा सुरू : ३०९३. चार तीस, मालसाठा संपला : ३०९८. मधे खंड नाही. पाच चाळीस, मशीन बंद : ३११८. त्याच्या खालच्या ओळीवर बोट थांबलं.

३११९ ला तारीखच नव्हती. नुसतं लिहिलं होतं : सुट्टीचा दिवस, तारीख नाकारली.

त्याखाली ३१२० : बुधवार, चार वाजून पाच मिनिटं. मशीन चालू, नवा दिवस, चाचणी फाइल पुसली. ऑपरेटर सात. मग एक अनोळखी प्रोग्राम कार्डांवरून चढवल्याची नोंद, नऊ पानं छापल्याची नोंद, चार पन्नासला मशीन बंद. पुढची ओळ थेट शुक्रवार, सकाळी आठ.

शमीमने खुर्ची ओढली आणि बसली. सुट्टीची तारीख नाकारायचा पहारा तिनेच बसवला होता, गेल्या दिवाळीला, टाकळकरांच्या सांगण्यावरून. गुरुवारी कोणी मशीनला हात लावू नये म्हणून. गुरुवारची तारीख टाकली की मशीन 'नाही' म्हणणार. मग कोणाला नेटानं चालू करायचंच असेल तर तो कुठली तारीख टाकेल? कालची.

"आणि माझा नंबर कुणी टाकला?" विलासने विचारलं.

"कोणी नाही. नंबर ड्युटीच्या तक्त्यावरून लागतो. बुधवारची तारीख पाहिली, मशीनने तुझा नंबर लावला." ती क्षणभर थांबली. "बुधवारी तू काही केलं नाहीस. ही फाइल गुरुवारी गेली. सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला."

"पण मॅडम, गुरुवारी तर वीजच नसते!"

४

फाटकावरचा धोंडीबा चिखलीचा. मिशा पांढऱ्या, रजिस्टर स्वच्छ.

"गुरुवारी? कुनी न्हाई आलं, बाई. हे बगा, पान कोरं हाय."

"आवाज वगैरे काही?"

"जनरेटर चालला व्हता घटकाभर. टेस्टिंग म्हनं. बरकतभाई तर पाठीमागंच ऱ्हातात."

बरकत शेख म्हणजे कारखान्याचा एअरकंडिशन आणि जनरेटर सांभाळणारा मेकॅनिक. मीरासाहेबांच्या गॅरेजमध्ये शिकलेला, शमीमला लहानपणापासून ओळखणारा. कॉम्प्युटरच्या खोलीच्या तीन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे असे. दुसरी टाकळकरांकडे, तिसरी शमीमच्या पर्समध्ये. शमीम त्याच्याकडे गेली ती नाइलाजाने. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांत आपणही जमा व्हायचो, असं तिला वाटत होतं.

"बरकतचाचा, गुरुवारी जनरेटर कशाला लावला होता?"

बरकतने हात पुसले, खूप वेळ पुसले. "टेस्टिंग."

"कोणी सांगितलं?"

"बेटी, मला लिहिलेलं वाचता येत नाही, मशीनवर टाइप काय करणार मी? डिझेल घालतो, हँडल मारतो. कोण आत गेलं, कोण आलं, मी मान वर करून पाहत नाही. मला तीन पोरी आहेत." आणि त्याने कानावर हात ठेवले.

तो घाबरला होता, पण स्वतःसाठी नाही, हे शमीमला दिसलं. कुणासाठी घाबरला होता हे मात्र दिसेना. चौकशीला एकच दिवस उरला होता.

नऊ पानं छापली होती, म्हणजे कागद तर लागला असणार. ती खोली कोण झाडतं? सोजरबाई. शमीमने तिला मंगळवारी सकाळी जिन्यात गाठलं.

"सोजरबाई, बुधवारी संध्याकाळी खोली झाडली होतीत?"

"तर! लखलखीत केली व्हती. आन् शुक्रवारी सकाळी बघते तर कचऱ्याचा डबा भरलेला. म्या म्हनलं, ह्ये कुनी केलं?"

"काय होतं डब्यात?"

सोजरबाई जरा अवघडली. "रागवू नगा. त्यात एक चांगला कागद व्हता, जाडजूड. अर्धा छापलेला, अर्धा कोरा. म्या घरी न्हेला, फळीवर डबं ठिवायला. चौकटी चौकटीचा व्हता, शोभून दिसतोय."

"तो उद्याला आणून द्याल? नको, आत्ताच जाऊ."

सोजरबाईचं घर कारखान्याच्या मागच्याच वस्तीत. मिठाच्या आणि हळदीच्या डब्याखालून कागद निघाला. प्रिंटरमध्ये अडकून अर्ध्यावर फाटलेला. मधोमध बारा घरांची चौकट, घराघरात आकडे आणि अक्षरं. पिंपरीत शेजारच्या सावित्रीबाईंच्या घरी शमीमने अशा चौकटी ढिगाने पाहिल्या होत्या. ती जन्मपत्रिका होती. खाली जन्मतारीख, मुलगी बावीस वर्षांची. जन्मस्थळ : खेड.

खेड म्हणजे राजगुरुनगरचंच जुनं नाव. शनिवारचे पेढेही तिथलेच होते.

परत येताना ती फाटकाशी थांबली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा प्रश्नच चुकला होता, हे आता तिला कळलं.

"धोंडीबा, रजिस्टरात कोणाची नावं लिहिता?"

"कामगारांची. ष्टाफची."

"आणि साहेब लोकांची?"

"सायबांची?" धोंडीबा हसला. "सायबाला कोन सही मागंल, बाई? त्यांची गाडी आली की दार उगडायचं. सलाम ठोकायचा."

"गुरुवारी किती वेळा सलाम ठोकलात?"

"एकडाव येताना, एकडाव जाताना," धोंडीबा म्हणाला. "पर त्ये काय कुनी आलं असं न्हाई. आपलं टाकळकर सायेब."

५

टाकळकरांनी फाटलेला कागद हातात घेतला आणि दार लावून घेतलं. रागावतील, नाकारतील, अशी तयारी करून शमीम आली होती. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून ठेवला.

"मुलाकडच्यांनी शुक्रवारी सकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. आमचे गुरुजी गावाला. पुण्यातल्या एका मित्राकडे पत्रिका जुळवायचा प्रोग्राम होता, कार्डांचा गठ्ठा. म्हटलं, तासाभराचं काम. बरकतला म्हणालो, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, जनरेटर लाव." त्यांनी डोळे चोळले. "बुधवारची तारीख टाकल्याने फाइल जाते, हे ध्यानातच आलं नाही, मुजावर बाई. मी काही रोज मशीन चालू करत नाही."

"हे कळलं कधी तुम्हाला?"

"शुक्रवारी, लॉग पाहिल्यावर. चार पाच ही वेळ मीच माझ्या घड्याळात बघून टाकली होती. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तोंडातून विलासचं नाव निघून गेलं. एकदा निघाल्यावर..."

शमीमला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. चुकीचं त्यांना माफ होतं. चार्जशीटवरची सही माफ नव्हती.

"ऐका," ते पुढे झुकले. "त्याची नोकरी जाणार नाही, हा माझा शब्द. ताकीद देऊ, स्टोअर्समध्ये बदली करू. लग्न दीड महिन्यावर आहे. हे बाहेर आलं तर ते लोक काय म्हणतील? पोरीचा काय दोष?"

"आणि विलासचा?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"साहेब, मी उद्या लॉग वाचणार आहे. अनुक्रमांकासकट. त्यात तुमचं नाव नाही. मशीनला ते माहीत नाही. त्यात फक्त गुरुवार आहे. कागद मी तुमच्याकडेच ठेवून जाते. पुढचं तुम्ही बघा."

आपण मूर्खपणा करतोय की काय, असं तिला जिना उतरताना वाटत राहिलं. पुरावा त्यांच्याच हातात देऊन आली होती.

६

बुधवारी अकरा वाजता फॅक्टरी मॅनेजरांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. विलास भिंतीशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही. शमीमने लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि वाचायला सुरुवात केली. ३११८ ला बुधवार संपला. ३११९ ला सुट्टीची तारीख नाकारली. ३१२० ला फाइल गेली. ३१२७ ला मशीन बंद. ३१२८ ला शुक्रवार उजाडला. सुट्टीचा पहारा आपणच बसवला होता आणि त्यातून अशी पळवाट निघेल हे आपल्याला सुचलं नाही, हेही तिने सांगितलं.

"म्हणजे गुरुवारी कोणीतरी होतं," फॅक्टरी मॅनेजर म्हणाले. "कोण?"

"लॉगला माहीत नाही, साहेब."

"फाटकावरच्या माणसाला बोलवा."

शिपाई दारापर्यंत गेला. टाकळकर उठून उभे राहिले. "धोंडीबाला नका बोलावू," ते म्हणाले. "त्याने काही चुकीचं केलं नाही. मी होतो." आणि त्यांनी खिशातून तो अर्धवट चौकटीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

सगळ्यांनी वाकून ती चौकट पाहिली. मग फॅक्टरी मॅनेजरांनी टाकळकरांना बाहेर थांबायला सांगितलं, टायपिस्टला बोलावलं आणि दहा मिनिटांत एक कागद विलासपुढे आला. इंग्रजीत, कंपनीच्या छापील मथळ्याखाली. आरोप मागे घेतल्याचा.

विलासने तो सावकाश वाचला. सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" फॅक्टरी मॅनेजर म्हणाले.

"साहेब, यात लिहिलंय, कंपनी सहानुभूतीने विचार करून आरोप मागे घेत आहे."

"मग? चांगलंच आहे की."

"सहानुभूती नको, साहेब. मी केलंच नाही, असं लिहा."

"अरे, अर्थ एकच."

"माझ्या घरी एकच नाही होणार," विलास म्हणाला. तो जागचा हलला नाही.

फॅक्टरी मॅनेजरांनी शमीमकडे पाहिलं. ती कागद गुंडाळत होती, डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असंही तिला वाटलं नाही. टायपिस्टला पुन्हा बोलावलं गेलं. नव्या कागदावर विलासने सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

बाहेर व्हरांड्यात कोंडीराम सोनवणे भट्टीवरून तसेच आले होते, अंगावर काजळी.

"काय झालं रं?"

विलासने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

"मी केलं न्हाई, असं."

"ते मला ठावंच व्हतं." कोंडीराम जरा थांबले. "पर लिवलंय ना?"

"लिवलंय, आबा."

कोंडीरामनी हात पँटला पुसले, कागदाची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. पाळी संपायला अजून तीन तास होते, तेव्हा ते फाउंड्रीकडे परत गेले.